गंधाची उजळणी

ताप उतरल्यावर माणूस म्हणतो, ‘तोंडाला चव नाही.’ घरातले लिंबाचे लोणचे काढतात, मेतकूट-भात कालवतात, पापड भाजतात आणि चार दिवस दम धरायला सांगतात. या तक्रारीत एक चूक आहे आणि या उपायात एक शहाणपण आहे. चूक ही, की बहुतेक वेळा जीभ शाबूत असते आणि वास गेलेला असतो. शहाणपण हे, की लोणच्याचा आंबट-खारटपणा, पापडाचा कुरकुरीतपणा आणि मिरचीचा झणका यांना नाकाची फारशी गरज लागत नाही. नाक बंद पडले तरी ते जेवणाऱ्यापर्यंत पोचतात. करोनाच्या साथीने ही घराघरातली तक्रार जगाच्या बातम्यांत आणली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ जून २०२० रोजी वास आणि चव जाणे हे कोविडच्या लक्षणांच्या यादीत घातले. रोग ओळखण्यापुरता त्याचा उपयोग झाला, आणि रुग्ण ‘निगेटिव्ह’ आला की विषय मिटला. गेलेला वास परत मिळवायला काय करायचे, या प्रश्नाला मात्र ‘येईल हळूहळू’ एवढेच उत्तर मिळत राहिले. हे उत्तर अपुरे आहे, असे मला म्हणायचे आहे. विषाणूने नेलेला गंध बऱ्याच अंशी आपोआप भरून येतो. जो येत नाही तो पुन्हा शिकावा लागतो. पक्षाघातानंतर हातापायांना व्यायाम देणे आपण उपचाराचाच भाग मानतो. नाकाला अभ्यास देणे हाही तसाच रूढ भाग व्हायला हवा.

आधी चव आणि वास यांची गल्लत सोडवायला हवी, कारण ती सुटली नाही तर उपचार भलत्याच इंद्रियावर होतो. आयुर्वेदाने सहा रस सांगितले: मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय. आजचे शरीरशास्त्र जिभेच्या चवी पाच मानते: गोड, आंबट, खारट, कडू आणि जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली वेगळी दाखवलेली उमामी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की लक्षात येते, की आयुर्वेदातला कटू म्हणजे तिखट आणि कषाय म्हणजे तुरट हे दोन रस आधुनिक यादीत नाहीत. तिखटपणा म्हणजे मिरचीतल्या कॅप्सेसिनने उष्णतेची वर्दी देणारे चेतातंतू चाळवणे. तुरटपणा म्हणजे तोंडाच्या आतल्या त्वचेला जाणवणारा कोरडा ओढा. पण यादी पाचाची धरा नाहीतर सहाची, हापूस आणि पायरी यांतला फरक तिच्यात सापडत नाही. साजूक तुपातली फोडणी आणि तेलातली फोडणी यांतलाही नाही. तो फरक नाकाचा आहे. घास चावताना सुटलेली वाफ घशाच्या मागच्या वाटेने नाकाच्या छतापर्यंत चढते आणि मेंदू ती जिभेच्या खात्यावर जमा करतो. नाक चिमटीत धरून वेलदोड्याचा दाणा चावला, तर तोंडात नुसता किंचित कडसर झोंबरेपणा राहतो. चिमूट सोडली की वेलदोडा हजर होतो. कोविडमध्ये खरी चव आणि तिखटाची जाणीवही काहींची गेली. २०२० साली संशोधकांच्या एका जागतिक गटाने चार हजारांहून अधिक रुग्णांना प्रश्न विचारून ते नोंदवले. तरीही जिभेवरच्या चवीच्या कळ्या साधारण दहा-बारा दिवसांत नव्या होत असतात. महिनोन् महिने रेंगाळणारी तक्रार बहुधा नाकाची असते.

नाकात नेमके काय बिघडते, हे साथीच्या पहिल्याच वर्षात बरेच उलगडले. नाकपुड्यांच्या अगदी वर, डोळ्यांच्या पातळीवर, जेमतेम काही चौरस सेंटिमीटरचा एक पातळ पडदा असतो. त्यातल्या गंधपेशींचे तंतू चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून वर जाऊन थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदाला भेटतात. माणसात गंध टिपणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात, आणि एका पेशीवर सर्वसाधारणपणे एकाच प्रकारचा ग्राहक असतो. या ग्राहकांचे जनुककुल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधले. २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. करोनाचा विषाणू या गंधपेशींवरच हल्ला करतो, अशी सुरुवातीची समजूत होती. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०२० साली दाखवले, की विषाणूला शिरायला लागणारे दार, म्हणजे एसीई-२ हे प्रथिन, गंधपेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर असते. आधाराच्या पेशी कोसळल्या की मधल्या गंधपेशींचे काम ठप्प होते. या शोधात दिलासा होता. गंधपेशी या आपल्या शरीरातल्या अशा दुर्मीळ चेतापेशी आहेत, की ज्या आयुष्यभर पुन्हापुन्हा तयार होतात. मुळाशी असलेल्या पायाभूत पेशी शाबूत असतील, तर पडदा पुन्हा विणला जातो.

इथेच पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो. शरीर स्वतःच दुरुस्ती करत असेल, तर अभ्यासाचे अवडंबर कशाला? आकडेही या आक्षेपाच्या बाजूने बोलतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२२ साली १८ अभ्यास आणि ३,६९९ रुग्ण एकत्र घेऊन केलेले विश्लेषण आले. त्यानुसार वास गेलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्क्यांचा तो ३० दिवसांत परतला, ९० टक्क्यांचा ९० दिवसांत आणि ९६ टक्क्यांचा १८० दिवसांत. बहुसंख्यांनी थांबावे हे बरोबरच आहे. पण त्याच विश्लेषणात आणखी दोन गोष्टी आहेत. सुमारे साडेपाच टक्के लोकांची घ्राणशक्ती दीर्घकाळ बिघडलेली राहते, आणि स्त्रियांमध्ये बरे होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा कमी दिसते. साडेपाच टक्के हा आकडा कागदावर बारीक वाटतो, म्हणून तो माणसांत मोजून पाहावा. भारतात अधिकृत नोंद झालेले कोविडचे रुग्णच साडेचार कोटींच्या घरात आहेत. त्यांपैकी दहातल्या एकाचाच वास गेला, असे अगदी हात आखडून धरले, तरी दीर्घकाळ गंधाला मुकलेल्यांची संख्या अडीच लाखांच्या आसपास भरते. शिवाय कोविड हा या दुखण्याचा पहिला कारणकर्ता नव्हे. साध्या सर्दी-फ्लूच्या विषाणूंनी कायमचा वास जाणे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक आहे. साथ ओसरली म्हणून हे रुग्ण यायचे थांबणार नाहीत.

‘येईल हळूहळू’ अपुरे ठरण्याचे याहून खोल कारण असे, की पेशी परत येणे आणि वास परत येणे या दोन वेगळ्या घटना आहेत. नव्या पेशीचा तंतू चाळणीतून वर जाऊन घ्राणकंदातल्या आपल्या नेमक्या ठिकाणी पोचावा लागतो. चारशे प्रकारच्या तारा तुटल्या आणि पुन्हा जोडल्या जात असताना काही उशिरा पोचणार, काही भलतीकडे जाणार, काही पोचणारच नाहीत. मेंदूला मात्र जुन्या जुळणीची सवय असते. कॉफीचा वास म्हणजे शेकडो रेणूंचा एकत्र आलेला मेळ. त्यातले निम्मे सूर गळाले, की उरलेल्यांतून मेंदू कॉफी ओळखत नाही. त्याला दुसरेच काहीतरी, बहुधा किळसवाणे, ऐकू येते. बरे होता होता अनेकांना होणारा हा विपर्यास डॉक्टर ‘पॅरोस्मिया’ नावाने ओळखतात. २०२२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी कॉफीच्या वासातले रेणू एकेक वेगळे करून अशा रुग्णांना हुंगायला दिले. सर्वाधिक त्रास देणारे निघाले ते गंधकयुक्त रेणू आणि भाजताना तयार होणारे रेणू. कॉफी, भाजलेले मांस, कांदा, लसूण हे या विकाराचे नेहमीचे चाळवणारे पदार्थ आहेत. आता मराठी स्वयंपाकघराकडे पाहावे. आपल्या रांधण्याचा पाया भाजणे, परतणे आणि फोडणी देणे हा आहे. कांदा-खोबऱ्याचे वाटण, लसणाची फोडणी, थालीपिठाची भाजणी ही त्याची ओळख आहे. म्हणजे ज्याच्या वासाने शेजाऱ्याला भूक लागावी, त्याच वासाने घरातल्या माणसाला मळमळते. अशा माणसाला ‘आता वास येतोय ना, मग जेवा की’ म्हणणे कोरडे आहे. त्याच्या नाकात काहीतरी पोचते आहे, पण त्याचा अर्थ हरवला आहे. हरवलेला अर्थ नुसते वाट पाहून परत येईलच, याची खात्री देता येत नाही.

अर्थ शिकता येतो, याचा पुरावा कोविडच्या कितीतरी आधीचा आहे. ॲन्ड्रोस्टेनोन नावाच्या एका रेणूचा वास बऱ्याच लोकांना मुळीच येत नाही. फिलाडेल्फियातल्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी १९८९ साली अशा लोकांना तो रेणू रोज, काही आठवडे हुंगायला दिला. त्यांतल्या निम्म्या लोकांना तो येऊ लागला. हा बदल नाकातला की डोक्यातला, हे मात्र त्यातून ठरत नव्हते. २००२ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका छोट्या प्रयोगाने त्यावर प्रकाश टाकला. लोकांची एक नाकपुडी बंद करून फक्त दुसरीला तो वास रोज देण्यात आला. तीन आठवड्यांनी तपासले तेव्हा कधीही न शिकवलेली नाकपुडीही तो ओळखू लागली होती. दोन नाकपुड्यांचे गंधपडदे वेगळे असतात. त्यांची गाठ पडते ती मेंदूत. शिकणे तिथे घडले होते. याच धाग्यावर जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली गंधसरावाचा पहिला नीट आखलेला अभ्यास प्रसिद्ध केला. संसर्गानंतर, डोक्याला मार लागून किंवा अज्ञात कारणाने घ्राणशक्ती गेलेल्या ४० रुग्णांनी बारा आठवडे, दिवसातून दोनदा चार वास हुंगले. १६ जणांनी काही केले नाही. सराव करणाऱ्या गटाची चाचणीतली कामगिरी सुधारली, न करणाऱ्यांची जागच्या जागी राहिली. चार वास होते गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. हान्स हेनिंग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१६ साली वासांची जी वर्गवारी मांडली होती, तिच्यातल्या चार गटांचे ते प्रतिनिधी. फुलाचा, झाडाच्या राळेसारखा, फळाचा आणि मसाल्याचा. ड्रेस्डेनच्या प्रयोगशाळेत बाटल्यांत भरलेली ही चौकडी आपल्याकडे गुलाबपाणी, निलगिरीचे तेल, लिंबाची साल आणि लवंगेचा डबा या रूपाने बहुतेक घरांत आधीच मांडलेली असते.

दुसरा आक्षेप वैज्ञानिक आहे आणि त्याला बगल देता येत नाही. सोळा जणांचा तुलनागट लहान आहे. विषाणूनंतरचे रुग्ण आपोआपही सुधारतात, तेव्हा सुधारणा सरावाची की काळाची? आणि आपण सराव करतो आहोत हे रुग्णाला माहीत असल्यामुळे आशेचा परिणाम वेगळा कसा काढायचा? अशी शंका घेतलीच पाहिजे, कारण तशी न घेतल्यामुळेच नाकाच्या बाबतीत भाबडे उपाय बोकाळतात. साथीच्या काळात संत्रे जाळून साखर घालून खाण्याचा व्हिडिओ जगभर फिरला. ते खाल्ल्यावर वास आलेले लोक खोटे बोलत नव्हते. महिन्याभरात चौघांतल्या तिघांचा वास परततोच. त्या महिन्यात जे खाल्ले, त्याला श्रेय मिळाले. सरावाच्या बाबतीत मात्र शंकेला पुढच्या अभ्यासांनी काही उत्तर दिले आहे. २०१४ साली जर्मनीतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून संसर्गानंतरच्या १४४ रुग्णांवर चाचणी केली. एका गटाला तीव्र वास दिले, दुसऱ्याला तेच पण अगदी फिके. दोन्ही गट सराव करत होते, दोघांनाही आशा होती आणि काळ दोघांसाठी सारखाच जात होता. तरीही तीव्र वासांचा गट अधिक सुधारला, आणि ज्यांचे दुखणे वर्षाच्या आतले होते त्यांच्यात हा फरक ठळक होता. म्हणजे हुंगण्याच्या विधीपलीकडे त्या वासातच काहीतरी काम करत होते, आणि उशीर केला की ते काम अवघड होत जाते. याने सगळे सिद्ध झाले, असा दावा मी करणार नाही. सरावाचा लाभ मध्यम आहे आणि तो सर्वांना होत नाही. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ साली दीर्घकाळ वास न आलेल्या कोविड-रुग्णांच्या गंधपडद्यांचे नमुने तपासले, तेव्हा तिथे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींचा दाह अजून धुमसत असलेला आढळला. अशा नाकाला नुसती शिकवणी पुरणार नाही. दाह शमवणारे औषध उद्या सापडले तर ते हवेच. पण दाह शमून पडदा पुन्हा उगवला, तरी नव्या तारांचा अर्थ लावण्याचे काम उरतेच.

पुराव्याचा विचार एकाकी करून चालत नाही. समोर दुसरे काय पर्याय आहेत, हेही पाहावे लागते. तोंडावाटे स्टेरॉइड देणे हा एक सर्रास अवलंबलेला मार्ग. विषाणूनंतरच्या घ्राणनाशासाठी त्याचा पुरावा पातळ आहे आणि धोके जाड आहेत. मधुमेहींच्या या देशात स्टेरॉइडच्या अनिर्बंध वापराची किंमत महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या रूपाने पाहिली. सर्वाधिक रुग्णसंख्येच्या राज्यांत आपण होतो. दुसरा लोकप्रिय उपाय झिंकचा. त्याच्या गोळ्यांनी वास परततो याला भक्कम आधार नाही, आणि नाकात घालायच्या झिंकयुक्त सर्दीच्या औषधांनी उलट वास जातो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली दिला होता. या रांगेत गंधसराव ठेवला की त्याचे पारडे आपोआप जड होते. फायदा मध्यम, खर्च नगण्य, अपाय जवळजवळ शून्य. अट एवढीच, की तेल नाकात घालायचे नाही, दुरून हुंगायचे. घ्राणशास्त्रातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ साली सहमतीने शिफारस केली, तीही सरावाचीच. वैद्यकात अनेकदा पक्क्या पुराव्याचा महाग उपाय आणि कच्च्या पुराव्याचा स्वस्त उपाय यांच्यात निवड करावी लागते. इथे निवड मध्यम पुराव्याचा निरुपद्रवी उपाय आणि दुबळ्या पुराव्याचा धोकादायक उपाय यांच्यात आहे, आणि ती कठीण वाटू नये.

या सरावाचा एक भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो, आणि तो भाषेचा आहे. नुसते नाकाखाली बाटली धरून दूरदर्शन पाहणे म्हणजे सराव नव्हे. त्या वासावर लक्ष ठेवायचे असते, तो पूर्वी कसा येत असे ते आठवायचे असते, आणि आत्ता आला तो कसा आहे हे स्वतःला सांगायचे असते. पण वास सांगायचा कसा? माणसाला वासांची नावे घेता येत नाहीत, अशी पाश्चात्त्य मानसशास्त्रात जुनी समजूत होती. असिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ साली मलाय द्वीपकल्पातल्या जाहाई लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ती समजूत हलवली. हे अरण्यवासी लोक जितक्या सहज रंगांची नावे घेतात, तितक्याच सहज वासांचीही घेतात. दुबळेपणा नाकाचा नव्हता, भाषेच्या सवयीचा होता. मराठी या बाबतीत दरिद्री नाही. खमंग, खरपूस, करपट, कुबट, खवट, आंबूस, मातकट, उग्र, ओशट, हिवस… यांतला एकही शब्द एकाच वस्तूला चिकटलेला नाही. करपट दूध असते, आमटीही असते आणि भाकरीही. खवट खोबरे असते तसे शेंगदाणेही. ‘लाल’ जसा जास्वंदीचा आणि कुंकवाचाही, तसेच हे शब्द वासाची एक जात सांगतात. खरपूस आणि करपट यांच्यामधली रेघ तर अर्ध्या मिनिटाची असते आणि प्रत्येक रांधणाऱ्याला ती ओढता येते. सराव करणाऱ्याने रोज चार वासांपुढे एकेक शब्द लिहिला, तर पुसट झालेल्या जाणिवेला धरायला खुंटी मिळते. पहिल्या आठवड्यात ‘काही नाही’, तिसऱ्यात ‘काहीतरी उग्र’, सातव्यात ‘गोडसर पण करपट’, असा तो उतारा असू शकतो. लवंग अजून लवंगेसारखी आली नाही म्हणून हिरमुसलेल्या माणसाला असा कागदच सांगू शकतो, की आपण होतो तिथे राहिलेलो नाही.

तिसरा आक्षेप सभ्यपणे क्वचितच बोलला जातो, पण वागण्यात तोच सर्वत्र असतो: डोळे गेले नाहीत, कान गेले नाहीत, वासच तर गेला! या तुच्छतेला मोठी वंशावळ आहे. इमॅन्युएल कांटने १७९८ च्या ग्रंथात घ्राणेंद्रियाला सर्वांत कृतघ्न आणि सर्वांत सोडून देण्याजोगे इंद्रिय ठरवले. एकोणिसाव्या शतकात पॉल ब्रोका या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने माणसाला वासावर न जगणाऱ्या प्राण्यांच्या वर्गात बसवले. माणसाचे नाक दुबळे हा समज पुराव्यापेक्षा या वर्गीकरणावर पोसला गेला, असे जॉन मॅकगॅन यांनी २०१७ साली ‘सायन्स’मध्ये साधार दाखवले. २०११ साली एका जाहिरातसंस्थेने अनेक देशांतल्या तरुणांना विचारले, तेव्हा १६ ते २२ वयोगटातले ५३ टक्के जण आपल्या फोन-संगणकाऐवजी नाक सोडायला तयार होते. आपल्या परंपरेने गंधाला वरची जागा दिली होती. न्याय-वैशेषिकांनी पृथ्वी या द्रव्याची व्याख्याच गंधाने केली. रोजच्या मराठीत मात्र वेगळेच घडले. नाक कापले जाते, नाकाला मिरच्या झोंबतात, नाकी नऊ येतात, नाकदुऱ्या काढल्या जातात, आणि या सगळ्या वाक्प्रचारांत नाक अब्रूचे, रागाचे, त्रासाचे किंवा विनवणीचे आहे. हुंगणारे नाक त्यांत नाही.

या तुच्छतेला तत्त्वज्ञानापेक्षा सिलिंडर चांगले उत्तर देतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला, सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक गेले, आणि त्यानंतर गॅसला वास देणे तिथे सक्तीचे झाले. म्हणजे कोट्यवधी घरांतल्या चुलीची सुरक्षितता एका गृहीतकावर उभी आहे: घरात चालते नाक आहे. ते नसेल तर गळती ओळखणारे यंत्र बसवा, हा सल्ला डॉक्टरने द्यायचा की गॅसवाल्याने, हेही ठरलेले नाही. यात रोजगारही गुंतलेला आहे. मसाला कधी उतरवायचा हे आचारी नाकाने ठरवतो, मासळीचा ताजेपणा कोळीण नाकाने पारखते, आणि दूध नासले की नाही हे घरातली बाई घोट न घेता सांगते. बरे होण्याची शक्यता स्त्रियांमध्ये कमी आणि स्वयंपाकघर बहुतेक त्यांच्याच गळ्यात, हे दोन्ही एकत्र वाचले की वासाचे जाणे चैनीचा प्रश्न उरत नाही. चव लागत नाही म्हणून मीठ-साखर वाढवत नेणाऱ्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांचे काय, हा आणखी एक धागा. म्हातारपणी घ्राणशक्ती जाणे आणि पाच वर्षांतला मृत्यू यांचा संबंध अमेरिकेतल्या तीन हजार वृद्धांच्या पाहणीत २०१४ साली दिसला. वास जातो म्हणून माणूस मरतो, असा त्याचा अर्थ नाही. शरीराच्या खोल झिजेची ती खूण असू शकते. पण जी खूण इतके सांगते, ती तपासायचीच नाही, याला काय म्हणावे?

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. जिथे क्षयरोगाची औषधे आणि बाळंतिणींना खाटा पुरवताना यंत्रणेची दमछाक होते, तिथे नाकाचे लाड कोण करणार? यंत्रणेवर भार टाकणारे काही मागितले असते, तर हा आक्षेप मान्य करावा लागला असता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत, घ्राणनाश त्यांत नाही. त्याला बाविसावा करा, अशी ही मागणी नाही. मागणे इतकेच आहे, की विषाणूनंतर महिन्याभराने वास न आलेल्या रुग्णाला ‘किती येतो’ असे तोंडी विचारण्याऐवजी चार-सहा ओळखीचे वास हुंगवून नोंद करावी. एका बाजूचाच वास गेला असेल किंवा सर्दीशिवाय गेला असेल, तर नाकाची आणि गरज पडल्यास मेंदूची तपासणी करावी. बाकीच्यांच्या हाती मराठीत छापलेला एक कागद द्यावा. त्यावर चार वास, प्रत्येकी वीसेक सेकंद, सकाळ-संध्याकाळ, किमान तीन महिने, आणि शब्द लिहायला रकाना. शिवाय गॅसचा इशारा, मिठाचा इशारा, आणि मळमळणाऱ्यांसाठी एवढेच, की कांदा-लसूण आणि भाजलेले काही दिवस बाजूला ठेवा, अन्न कोमट किंवा गार खा, दहीभातासारखे साधे खा. या कागदाला औषधकंपनी लागत नाही. कदाचित म्हणूनच तो अजून कोणी छापलेला दिसत नाही.

हा अभ्यास नेमका कशासारखा आहे, ते सांगायला जुन्या घरांतली एक रीत उपयोगी पडते. दिवेलागणीला मुलांना परवचा म्हणायला बसवत. आजच पावकी पाठ झाली पाहिजे, असा हट्ट नसे; रोज बसणे हा नेम असे, आणि कधीतरी हिशेब करताना आकडा ओठांवर आपोआप येई. गंधाची उजळणीही तशीच आहे. काहींना ती सगळे परत देईल, काहींना निम्मे, काहींना पूर्वीसारखे काहीच न देता नवी लवंग, नवे लिंबू शिकवील, आणि थोड्यांना रिकाम्या हाताने परत पाठवील. या शेवटच्यांना ते आधीच प्रामाणिकपणे सांगितलेले असावे. ‘येईल हळूहळू’ हे वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. ‘रोज दोनदा हुंगा, लिहून ठेवा, तीन महिन्यांनी या, पुन्हा तपासू’ हे त्याचे उरलेले अर्धे, आणि ते उच्चारायला डॉक्टरला पाव मिनिट लागते.